गिटारवाल्याने गंधार सोडला

आमचं गाणं आम्ही पहिल्यांदा नीट ऐकलं ते नोव्हेंबर २०२२मध्ये, पुण्यात कर्वेनगरच्या एका स्टुडिओत, तासाला ८०० रुपये मोजून. त्याआधी सहा वर्षं तेच गाणं वाजवत होतो. कॉलेजच्या गॅदरिंगला, कॅफेंमध्ये, एकदा एका सोसायटीच्या कोजागरीला. लोक टाळ्या वाजवायचे, मसाला दूध प्यायचे, पुन्हा बोलवायचे. गाणं चांगलं बसलंय याबद्दल चौघांपैकी कुणालाच शंका नव्हती. रेकॉर्डिंगवाल्याने पहिला टेक परत लावला आणि खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

आधी आमच्याबद्दल. बँड सुरू झाला फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत. तिथे नाटकाबरोबर गाणं, वाद्यं, नाच, चित्र सगळंच रंगमंचावर लागतं, त्यामुळे दरवर्षी पुण्यातल्या कॉलेजांत दोन-चार बँड आपोआप जन्माला येतात आणि निकाल लागला की बहुतेक संपतात. आमचा संपला नाही, इतकंच. गायिका, ड्रमर, गिटारवर मी आणि पेटीवर आमचे पेटीकाका. काका कॉलेजचे नव्हेत. माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे, बँकेत नोकरी, संध्याकाळी भजनी मंडळांना साथ. एका प्रसंगाला पेटी हवी होती म्हणून त्यांना दोन दिवसांसाठी बोलावलं, ते राहिलेच. नावं कुणाचीच देत नाही. गायिकेच्या ऑफिसात ती गाते हे ठाऊक नाही, ड्रमरच्या सासरी तो फक्त इंजिनिअर आहे, आणि काकांना प्रसिद्धीची हौस नाही असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात.

चार गाणी करायची ठरली. दर आठवड्याला शनिवार तरी मिळेल, दोन-तीन महिन्यांत उरकेल असा हिशोब होता. सतरा महिने लागले.

पहिला अडथळा क्लिकचा. सगळी वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करून नंतर जुळवायची, तर सगळ्यांनी कानात एकच टिकटिक ऐकत वाजवावं लागतं. आम्ही कधी तसं वाजवलेलं नव्हतं. रेकॉर्डिंगवाल्याने आमचा एक जुना मोबाइलवरचा व्हिडिओ मोजून दाखवला: गाणं मिनिटाला ९२ ठोक्यांवर सुरू होऊन १०४वर संपत होतं. आम्ही ज्याला जोश म्हणत होतो तो हा. ड्रमर दोन तासांत सरावला. काकांनी मात्र हेडफोन एका कानावरून काढून ठेवला आणि म्हणाले, "हा टिकटिक करणारा माणूस समेवर येतच नाही. याच्याबरोबर वाजवायचं कसं?"

आधी आम्ही हसलो. पण त्यांचं म्हणणं खरंच होतं. क्लिकला प्रत्येक ठोका सारखा, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कुठे ते कळत नाही. पहिल्या ठोक्याला थोडा वेगळा आवाज देता येतो, पण जन्मभर केरव्यात आणि भजनी ठेक्यात वाढलेल्या माणसाला त्यात ठेका दिसत नाही, भिंतीवरचं घड्याळ दिसतं. रेकॉर्डिंगवाला शहाणा निघाला. त्याने क्लिक बंद केला आणि त्याच लयीत तबल्याचा साधा केरवा कानात सोडला. काकांनी पहिल्याच टेकला पूर्ण गाणं वाजवलं. पुढे चारही गाण्यांना आम्ही तेच केलं. तो तबला अर्थातच शेवटच्या मिक्समध्ये कुठेही नाही.

मग गंधार, सा रे ग मधला ग.

दुसरं गाणं भूप रागाच्या अंगाचं आहे. सा रे ग प ध, शुद्ध गंधारावर न्यास म्हणजे विसावा, मुखड्याचा शेवट गंधारावरच. गायिकेचा स्वर काळी चार, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. मी गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून जी मेजरचा साधा, उघडा, घसघशीत कॉर्ड वाजवतो. मंचावर तो फार छान वाटायचा. स्टुडिओत रेकॉर्डिंगवाल्याने बाकी सगळं बंद करून फक्त पेटी आणि गिटार लावली, आणि मुखड्याच्या शेवटी जिथे सगळे गंधारावर थांबतो तिथे आवाज वँव-वँव करत हेलकावे खायला लागला. स्पीकरचा दोष असेल म्हणून दुसरे स्पीकर लावले. हेलकावे तसेच.

मी मोबाइलवरचा ट्यूनर काढला. गिटार बरोबर. पेटीचा षड्ज, म्हणजे सा, बरोबर. पेटीचा गंधार मात्र चौदा सेंट खाली, म्हणजे एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. मी मोठ्या नम्रपणे म्हणालो, "काका, तुमचा गंधार उतरलाय."

काका म्हणाले, "उतरलेला नाही. उतरवलेला आहे."

त्यांनी तो मुद्दाम करून घेतला होता. आमच्या गायिकेचा षड्ज धरून, पेटीवाल्याकडे अर्धा दिवस बसून. पितळी रीड मुळापाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाला खरवडली की चढतो. तशी खरवडून त्यांनी गंधार आणि धैवत जागेवर आणले होते. जागेवर म्हणजे कुठे, तर जिथे तंबोऱ्यात ऐकू येतो तिथे. मला खरं वाटेना. पुढच्या रविवारी ते मला गायिकेच्या घरी घेऊन गेले, तंबोरा जुळवायला लावला, खर्जाची एकटी तार छेडली आणि "गप्प बस" म्हणाले. पहिल्या दहा वेळा मला काहीच कळलं नाही. मग तार विरता विरता वरून एक बारीक गंधार ऐकू आला. कुणी वाजवलेला नाही, तारेतूनच निघालेला. याला स्वयंभू गंधार म्हणतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेसाठी. तो स्वयंभू गंधार षड्जाच्या बरोबर सव्वापट बसतो. गिटारचा गंधार तसा नाही. गिटारचे फ्रेट, कीबोर्डच्या पट्ट्या, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्या, सगळीकडे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि त्यात गंधार थोडा चढा येतो. कुठलाही षड्ज घेतला तरी चालावं म्हणून केलेली ती तडजोड आहे.

घरी येऊन मी आकडे मांडले. काळी चारचा षड्ज २०७.६५ हर्ट्‌झ. माझ्या गिटारचा त्यावरचा गंधार २६१.६३, काकांचा २५९.५६. फरक दोन हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. अगदी तेच स्टुडिओत ऐकू आले होते. वरच्या सप्तकात चार.

सहा वर्षं हे कुणाला कसं कळलं नाही? कॅफेत कळायला वाव नव्हता. एका माइकवर पेटी, शेजारी झांजा, समोर कॉफीचं मशीन. रेकॉर्डिंगमध्ये मात्र प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असतं आणि समोर बाकी सगळं बंद करून एकच वाद्य ऐकवणारं सोलोचं बटण असतं. ते बटण फार वाईट.

पुढचे सहा आठवडे आम्ही भांडलो. मी म्हणायचो, पेटी परत सारख्या भागांवर आणून घ्या, जग तसंच वाजवतं. काका म्हणायचे, आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्याला असलेच सूर कारण होते, १९७१ साल उजाडलं ती उठायला, आणि तू मला परत तिथेच नेतोस. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, संगणकात पेटीचे गंधार ओढून वर घेतो, कुणाला कळणार नाही. त्यावर काकांनी चहा अर्धा ठेवला. मीच एकदा त्यांना डॉ. विद्याधर ओकांच्या २२ श्रुतींच्या, म्हणजे सप्तकात बाराऐवजी बावीस सूर देणाऱ्या, पेटीचं सांगून बघितलं. म्हणाले, "ती मला माहीत आहे. प्रश्न माझ्या पेटीचा नाहीये."

निकाल गायिकेने लावला, तोही न ठरवता. तिला दोन्ही ट्रॅकवर आळीपाळीने गायला लावलं: एकदा फक्त गिटार, एकदा फक्त पेटी. गिटारबरोबर ती नीट गायली. पेटीबरोबर गाताना मुखड्याच्या शेवटी ती थांबली आणि थांबूनच राहिली. चार मात्रांचा गंधार आठ मात्रा लांबला. तिला तिथून उठावंसंच वाटेना. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.

मग मी गंधार सोडला. उघड्या जी कॉर्डमध्ये तो दोन ठिकाणी असतो. पाचव्या तारेवर आणि दुसऱ्या मोकळ्या तारेवर. पाचवी तार बोटाच्या पोटाने दाबून मुकी केली, दुसरीवर कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवून तिथे पंचम आणला. उरले सा आणि प. रॉकवाले हे पन्नास वर्षांहून जास्त काळ करतायत, त्यांची कारणं वेगळी. धैवताचं दुखणं गंधाराहून थोडं मोठंच होतं, तिथे मी सरळ हात उचलायला शिकलो. गाण्यात गिटार निम्मी झाली. महिनाभर मला उघडं पडल्यासारखं वाटलं, आणि बेस गिटारही मलाच वाजवायचा होता, मित्राकडून उसना आणून, म्हणून तिथे जरा हात मोकळा करून घेतला. त्यातलं बरंच नंतर मिक्सिंगमध्ये कापलं गेलं.

फेब्रुवारी २०२३मध्ये ड्रमरचं लग्न झालं. ३१ मेला काका बँकेतून निवृत्त झाले, निरोप समारंभात पेटी वाजवा म्हणून आग्रह झाला तर त्यांनी नाही म्हटलं, कारण हॉलमध्ये कीबोर्ड आणून ठेवला होता. जूनमध्ये गायिकेने सांगितलं की तिला दिवस गेलेत आणि नोव्हेंबरची तारीख आहे. म्हणजे चारही गाण्यांचा आवाज त्याआधी घ्यायला हवा. आणि "पोट वर आलं की श्वास पुरत नाही" असं तिला तिच्या गुरूंनी आधीच सांगून ठेवलेलं.

ऑगस्टमध्ये आम्ही रोज संध्याकाळी साडेसहाला स्टुडिओ घेतला, तिचं ऑफिस सुटल्यावर. स्टुडिओ नदीपासून जवळ. नदीपात्रात आणि आसपासच्या मोकळ्या जागांत ऑगस्टमधल्या संध्याकाळी काय चालतं ते पुणेकरांना सांगायला नको. ढोल-ताशा पथकांची तालीम. त्यातून २०२३ला अधिक श्रावण होता, गणपती थेट १९ सप्टेंबरला, त्यामुळे तालमीही महिनाभर लांबलेल्या. स्टुडिओला दुहेरी दार, भिंतींना जाड फोम, पण फोम वरचे सूर खातो, ढोलाचा खालचा दणका भिंतीतूनच येतो. तिने आलाप घ्यावा आणि मागून लांबून धुम्-धुम्. या सगळ्यात आमचा ड्रमर कुठे होता? पथकात. तो कॉलेजपासून ढोल वाजवतो. त्याचं स्टुडिओतलं काम संपलेलं, त्यामुळे रोज साडेसहाला आम्हाला सोडून तो तालमीला जायचा आणि साडेसातला आमच्या टेकमध्ये परत यायचा.

त्याच महिन्यात त्याला सासरहून अधिकाचं वाण आलं. पहिलाच अधिक महिना, जावईबापूंचा मान: चांदीचं ताट आणि तेहतीस अनारसे. त्यातले वीस तो स्टुडिओत घेऊन आला. कौतुकाने गायिकेनेही दोन खाल्ले आणि तुपाने घसा असा धरला की त्या दिवशीचे ८०० गुणिले तीन रुपये पाण्यात गेले. माइकच्या जाळीवर खसखस सापडली ती वेगळीच.

शेवटी आवाज आम्ही तिच्या घरी घ्यायचं ठरवलं. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून, तीन गोधड्या दोरीवर टाकून, मध्ये तिला बसवायचं. वेळ पहाटे पाच ते सात. पाचला वस्ती शांत असते, सव्वासहाला दुधवाला, पावणेसातला पहिली शिट्टी कुकरची, सातला घंटागाडी गाणं वाजवत येते. म्हणजे खरं काम सव्वा तासाचं. सातव्या महिन्यात तिला एका श्वासात ओळ पुरेना. आधी ती चिडायची, मग आम्ही ओळ मधे तोडून घ्यायला लागलो, दोन तुकडे नंतर जोडायचे. तिने एकदा विचारलं, "हे फसवणं नाही का?" मी म्हणालो, मी अख्खा गंधार गाळलाय, तू श्वास गाळ. त्या वाक्यावर ती हसली तेही ट्रॅकवर आलं, काढून टाकलं.

त्या पहाटेंमधली माझी एक चूक सांगायलाच हवी. घरचं रेकॉर्डिंग मी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर केलं, स्टुडिओचा प्रकल्प ४८,०००वर होता. फाइल पाठवल्या. तासाभरात रेकॉर्डिंगवाल्याचा फोन: "ताईंचा आवाज एकदम शाळकरी मुलीसारखा झालाय आणि गाणं पळतंय." तिकडे फाइल न बदलता तशीच ४८,०००ने वाजली, त्यामुळे जवळजवळ दीड स्वरपट्टी चढली. काळी चारचं गाणं काळी पाचच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण ती फाइल काकांच्या हाती लागली आणि आता कुणी तरुण माणूस शिकवायला लागला की ते ती ऐकवतात.

नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. बारशाला आम्ही वाजवलं नाही, बाळ झोपलं होतं.

मिक्सिंगला जानेवारी-फेब्रुवारी गेले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्टुडिओत छान वाटतं, रिक्षातल्या स्पीकरवर फक्त झांजा ऐकू येतात, मोबाइलवर बेस नाहीसाच होतो, परत जायचं, परत फेडर हलवायचे. ढोल काढण्यासाठी आवाजाच्या ट्रॅकवर १०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापलं. तिचा सगळ्यात खालचा सूर त्याच्या बराच वर असल्याने तिला धक्का लागला नाही.

प्रकाशनाची तारीख काकांनी काढली. जगभर गाणी शुक्रवारी येतात, २०१५पासून तसा रिवाजच झालाय. काका म्हणाले, पाडवा सोडून शुक्रवार? साडेतीन मुहूर्तांतला एक हातात असताना? म्हणून सगळ्यात आधी भूपाचं गाणं मंगळवार, ९ एप्रिल २०२४ला आलं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, ते आम्ही पाठवलं. तिकडून काही आलं नाही. गाण्याचं नाव रोमन लिपीत लिहिताना 'ळ' कसा लिहायचा यावर दीड तास गेला.

आता कमाई. २०२४पासून स्पॉटिफायचा नियम असा की एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसे हिशोबातच धरायचे नाहीत. आमचं भूपाचं गाणं पहिल्या सहा महिन्यांत ७१२ वेळा वाजलं. त्यातले निदान शंभर काकांचे, ते सकाळी फिरायला जाताना लावतात. एकूण खर्च ७४ हजार, चौघांत वाटून, काकांनी निवृत्तीच्या पैशातून थोडा जास्त दिला आणि त्याचा उल्लेख करू नका म्हणाले. शब्द गायिकेचे, चाल काकांची आणि माझी. हे कागदावर मांडताना थोडं अवघडलो, पण मांडलं. २०१२ला कायदा बदलला तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कुणाला लिहून देता येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच. त्यामुळे आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीच्या अर्जात खरं तेच लिहिलेलं बरं. गायिका म्हणाली, शून्याचे तीन भाग करायला एवढे कागद.

आणि शेवटचं एक राहिलं. भूपाच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यानंतर मुखडा परत घ्यायच्या आधी अर्ध्या मात्रेची शांतता आहे. अंतऱ्याचा तो भाग स्टुडिओतल्याच टेकमधला ठेवला होता, पहाटेच्या टेकमध्ये तिचा श्वास तिथे तुटत होता. मास्टर, म्हणजे शेवटचं पक्कं रेकॉर्डिंग, ऐकताना काकांनी हात वर केला. परत लाव म्हणाले. ढोलाचा दणका कापला गेला होता, पण टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काडीचा, एक ठोका, लांबून, कोरडा, राहून गेला होता. मी म्हणालो, मिटवू. काका म्हणाले, "समेवर आलाय. राहू दे."

ड्रमरने फाइलची तारीख बघितली. २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटं. मग पथकाच्या ग्रुपवरची हजेरी काढली. त्या दिवशी तो पहिल्या रांगेत होता. शंभर ढोलांतला तो ठोका त्याचाच हे सिद्ध होत नाही म्हटलं तर ऐकेना. शेवटी श्रेयनामावलीत त्याच्या नावापुढे ड्रमनंतर ढोलही टाकायचं ठरलं. गाणं चढवायच्या फॉर्ममध्ये वाद्यांच्या यादीत ढोल नव्हता, 'इतर तालवाद्य' निवडलं. पाडव्याला त्याने सासऱ्यांना गाणं ऐकवलं ते थेट त्या जागेपासून, तेवढा एकच ठोका, आणि बंद केलं. ड्रम कोण वाजवतं ते त्यांना अजून माहीत नाही.